नाव ॲशचे, खुर्च्या कुणाच्या?

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील आर्थर ॲश स्टेडियमची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात करून दिली जाते. हे जगातले सर्वांत मोठे टेनिस स्टेडियम आहे, 23,000 हून अधिक प्रेक्षकांचे आहे, दरवर्षी ऑगस्टअखेर येथे अमेरिकन खुली स्पर्धा भरते आणि अधूनमधून इतरही कार्यक्रम होतात. या ओळखीतील ‘इतरही’ या शब्दापाशी मी गेली काही वर्षे अडून बसलो आहे. त्या शब्दात असे गृहीत आहे की टेनिस येथले घरचे आणि बाकी सारे पाहुणे. जागेचा इतिहास चाळू लागलो तेव्हा हे गृहीतक टिकेना. आणि ते टिकत नाही असे दिसल्यावर दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न पुढे आला. ज्या माणसाचे नाव या इमारतीला दिले आहे, त्याच्याशी ही इमारत प्रामाणिक आहे काय?

एखाद्या कादंबरीची समीक्षा करताना आपण तिची रचना, तिचा निवेदक, तिचा वाचक पाहतो. इमारतीचीही तशी समीक्षा करता येते असे मला वाटते. कुणाला कुठून आत घेतले जाते, कुणाला कुठे बसवले जाते, कुणाला काय दिसते, यात इमारतीचे म्हणणे असते. पाटीवरचे नाव हे तिचे शीर्षक. शीर्षक आणि मजकूर यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

प्रथम जमीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लशिंग मेडोज हा पाणथळ भाग ब्रुकलिनमधल्या घरांच्या भट्ट्यांतून निघणारी कोळशाची राख टाकण्याची जागा होता. राखेचे ढीग इतके उंच होते की त्यांतल्या एकाला लोक डोंगराचे नाव देऊन मोकळे झाले होते. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’मध्ये (1925) श्रीमंतांच्या मोटारी ज्या राखाडी मुलखातून शहराकडे धावतात, तो हाच. पुढे शहराचे उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी ही राख सपाट करून घेतली आणि 1939 चे जागतिक प्रदर्शन येथे भरवले. इंग्रजीत राखेला जो शब्द आहे तोच उच्चार ॲशच्या आडनावाचाही आहे. हा योगायोग आहे, त्यातून काही अर्थ काढण्याचा मोह मी आवरतो. मात्र राखेचा हिशेब इमारतीला नंतर चुकवावा लागला, तो पुढे येईल.

प्रदर्शनातील न्यूयॉर्क शहराच्या दालनात 1946 ते 1950 या काळात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरत असे. पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव 29 नोव्हेंबर 1947 रोजी येथेच मंजूर झाला. त्या प्रश्नातून पेटलेल्या युद्धात शस्त्रसंधी घडवून आणणारे राल्फ बंच यांना 1950 चे शांततेचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. बंच यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण टेनिसच्या गोष्टीत ते लवकरच परत येतात.

1964 मध्ये दुसरे जागतिक प्रदर्शन भरले. त्या वेळी सिंगर कंपनीने येथे सुमारे 18,000 लोकांचे उघडे प्रेक्षागार बांधले, त्याचे नाव ‘सिंगर बोल’. मराठी वाचकाला सिंगर म्हटले की आईचे किंवा आजीचे पायाचे शिलाई यंत्र आठवेल. तीच ही कंपनी. शिलाई यंत्राच्या नावाच्या या प्रेक्षागारात ऑगस्ट 1968 मध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने ‘द हू’ आणि ‘द डोअर्स’, मग जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन गाऊन गेले. डोअर्सच्या रात्री प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या. 1973 मध्ये या जागेला लुई आर्मस्ट्राँगचे नाव देण्यात आले. हा थोर ट्रम्पेटवादक 1943 पासून 1971 साली मरेपर्यंत जवळच्याच कोरोना वस्तीत एका साध्या घरात राहत होता. म्हणजे यंत्राच्या ‘सिंगर’ची जागा खऱ्या गायकाने घेतली. तोवर टेनिसचा येथे पत्ताही नव्हता.

टेनिस होते चार-पाच किलोमीटरवर, फॉरेस्ट हिल्समध्ये. वेस्ट साइड टेनिस क्लबचे 1923 साली बांधलेले घोड्याच्या नालेच्या आकाराचे स्टेडियम, भोवती इंग्रजी खेड्याच्या धर्तीवर वसवलेली टुमदार वसाहत, तिचे रस्तेसुद्धा खासगी. स्टेडियमच्या माथ्यावर दगडी गरुड. 1950 साली आल्थिया गिब्सन अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली, ती येथेच. विम्बल्डनविजेत्या लुईस ब्रो हिच्याविरुद्ध ती तिसऱ्या सेटमध्ये 7-6 अशी पुढे असताना वादळ आले, वीज कोसळली आणि त्यातला एक गरुड खाली आला. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला तेव्हा ब्रोने तो सेट 9-7 असा जिंकला. कादंबरीकाराने असा प्रसंग लिहिला असता तर आपण त्याला भडक म्हणून झोडपले असते.

गिब्सनने 1957 आणि 1958 साली याच कोर्टवर विजेतेपद मिळवले. त्यानंतर एका वर्षाने, 1959 मध्ये, राल्फ बंच यांचा मुलगा या क्लबमध्ये टेनिस शिकत होता. त्याने सभासदत्वाची चौकशी केली तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी सांगितले की कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना येथे घेतले जात नाही. बातमी फुटली, गदारोळ झाला, अध्यक्षांना पद सोडावे लागले, क्लबने माफी मागितली आणि सभासदत्व देऊ केले. बंच कुटुंबाने ते नाकारले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या माणसाच्या वाट्याला हे आले, तर बाकीच्यांची कथा विचारायलाच नको. जिंकायला या, सभासद होऊ नका, असा तो सारा व्यवहार होता. तो आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी की या सोवळ्या क्लबच्या स्टेडियममध्येही संगीत होतेच. 1964 मध्ये बीटल्स, 1965 मध्ये डिलन, आणि जुलै 1967 मध्ये ‘द मंकीज’ या पोरकट लोकप्रियतेच्या गटाआधी गाणारा जिमी हेंड्रिक्स. हेंड्रिक्स दोन्हीकडे वाजवून गेला. पुढे फॉरेस्ट हिल्समधून टेनिस गेले आणि संगीत उरले. फ्लशिंगमध्ये संगीत होते तेथे टेनिस आले. त्यामुळे क्वीन्समधील या दोन स्टेडियमांबाबत घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे सांगणे अवघड आहे.

आता ॲश. जन्म 1943, रिचमंड, व्हर्जिनिया. वडील फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या एका मैदानाचे रखवालदार होते. मैदानाच्या आवारातच घर आणि घराला लागून टेनिस कोर्ट. शहरातली चांगली कोर्ट गोऱ्यांसाठी राखीव होती. 9 सप्टेंबर 1968 रोजी फॉरेस्ट हिल्समध्ये त्याने टॉम ओकरला पाच सेटमध्ये हरवून पहिली अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. तेव्हा तो सैन्यात लेफ्टनंट आणि हौशी खेळाडू होता, त्यामुळे 14,000 डॉलरचे बक्षीस त्याला घेता आले नाही. ते हरलेल्या ओकरला मिळाले आणि विजेत्याच्या हाती पडला रोजचा 20 डॉलर भत्ता. 1983 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली. एप्रिल 1992 मध्ये त्याला ते जाहीर करावे लागले. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला, विजेतेपदाला बरोबर 24 वर्षे झाली त्या दिवशी, हैतीच्या निर्वासितांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध व्हाइट हाउससमोर निदर्शने करताना त्याला अटक झाली. 6 फेब्रुवारी 1993 रोजी तो गेला.

खेळाडू म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे कुतूहल त्याच्यातल्या संशोधकाविषयी आहे. एका महाविद्यालयात कृष्णवर्णीय खेळाडूंवर शिकवायचे ठरले तेव्हा त्याला दिसले की या विषयावर धड ग्रंथच नाही. मग त्याने सहकारी जमवून, पदरचे पैसे घालून, वर्षानुवर्षे खपून ‘अ हार्ड रोड टू ग्लोरी’ हा त्रिखंडी इतिहास सिद्ध केला. तो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाने हे केले. विद्यापीठाबाहेर बसून कात्रणे जमवणाऱ्या कुणालाही या माणसाविषयी आपलेपणा वाटावा, यात नवल नाही. वाचकाने माझा हा पक्षपात लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

1977 नंतर स्पर्धेने फॉरेस्ट हिल्स सोडले. टेनिस संघटनेचे अध्यक्ष स्ल्यू हेस्टर यांना विमानातून बर्फाखाली पडलेले जुने सिंगर बोल दिसले आणि तेथेच नवे केंद्र उभारण्याचे ठरले. ओसाड प्रेक्षागाराचे दोन तुकडे करून एकाचे मोठे कोर्ट केले, दुसऱ्याचे लहान. 1978 पासून स्पर्धा क्लबच्या कुंपणातून सार्वजनिक उद्यानात आली. या घटनेचे मोल फार मोठे आहे. खासगी रस्त्यांच्या वसाहतीतून टेनिस भुयारी गाडीच्या स्थानकाशेजारी आले. वर्षातले सुमारे अकरा महिने येथली कोर्ट भाडे भरून कुणालाही वापरता येतात. विम्बल्डनच्या हिरवळीवर आपण पाऊल ठेवून दाखवावे!

आणि तरीही 25 ऑगस्ट 1997 रोजी उघडलेली 25 कोटी 40 लाख डॉलरची ती इमारत पाहिली की मन खट्टू होते. व्हिटनी ह्यूस्टन उद्घाटनाला गायली, तामरिन तनासुगर्न आणि चँडा रुबिन यांच्यात पहिला सामना झाला, त्याच वर्षी सतरा वर्षांची बिनमानांकित व्हीनस विल्यम्स अंतिम फेरीपर्यंत गेली. सुरुवात याहून शुभ होऊ शकली नसती. पण रचनेकडे पाहा. कोर्टाभोवती खालचा एक थर, त्यावर बड्या कंपन्यांसाठी 90 आलिशान कक्षांची पट्टी, आणि त्या पट्टीच्या डोक्यावर उभा चढत गेलेला प्रचंड मोठा वरचा थर. कक्षांसाठी घेतलेल्या उंचीने वरचा प्रेक्षक आणखी वर ढकलला गेला आहे. तेथून चेंडूचा पिवळा ठिपका दिसतो, चेंडू कसा फिरतो आहे ते दिसत नाही. मी स्वतः हे स्टेडियम पाहिले ते पडद्यावरच, आपल्याकडच्या पहाटे साडेचारला तेथली रात्रीची सत्रे सुरू होतात तेव्हा. पडद्यावर ते देखणे दिसते, कारण कॅमेऱ्याला चांगली जागा मिळालेली असते. तिकीट काढून वरच्या टोकाला बसलेल्या माणसापेक्षा घरी लोळत पाहणाऱ्याला टेनिस अधिक कळते. अशा वास्तूने आपल्या प्रेक्षकाचा विचार नीट केलेला नाही असेच म्हणावे लागेल.

रखवालदाराच्या मुलाचे नाव आणि 90 आलिशान कक्ष. शीर्षक व मजकूर यांतली ही फट आहे. तिच्यावर एक उत्तर दिले जाते: या कक्षांच्या कमाईवरच केंद्र चालते, सार्वजनिक कोर्ट चालतात. उत्तर खोटे नाही. शिवाय संघटनेने स्टेडियमला एखाद्या बँकेचे वा शीतपेयाचे नाव विकले नाही, 2006 मध्ये संपूर्ण केंद्राला बिली जीन किंगचे नाव दिले, याचे श्रेय द्यायलाच हवे. 1973 मध्ये स्त्री-पुरुषांना समान बक्षीस देणारी ही पहिली मोठी स्पर्धा. आपल्याकडे नामकरणाच्या सभा गाजतात आणि नंतर नावाखालच्या इमारतीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्या मानाने हे बरेच म्हणायचे. पण उत्तर जमाखर्चाचे आहे आणि माझी तक्रार रचनेविषयी आहे. कक्ष ठेवूनही वरचा थर जवळ आणता आला असता की नाही, हा प्रश्न आराखड्याचा आहे.

उद्यानाच्या जमिनीचा प्रश्नही मिटलेला नाही. महापौर डेव्हिड डिंकिन्स स्वतः टेनिसवेडे, ॲशचे मित्र, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांनी 1993 मध्ये पद सोडता सोडता संघटनेशी दीर्घ मुदतीचा भाडेकरार केला. त्यात जवळच्या लागार्डिया विमानतळावरची विमाने स्पर्धेवरून उडाली तर शहराला दंड, अशी तरतूद होती. नंतरचे महापौर रुडी जुलियानी यांनी या कराराला नावे ठेवली आणि महापौर असेपर्यंत स्पर्धेला जायचे नाकारले. डिंकिन्स यांचा हेतू मी संशयाने पाहत नाही. तरी सामना चालू असताना आवाज होऊ नये म्हणून विमाने वस्तीच्या दुसऱ्या अंगाने वळवणे, हे फॉरेस्ट हिल्सच्या खासगी रस्त्यांचेच आकाशातले रूप आहे. 2013 मध्ये विस्तारासाठी आणखी थोडी, एकरभराहूनही कमी, उद्यानाची जमीन मागितली गेली तेव्हा आसपासच्या वस्तीतल्या लोकांनी विरोध केला. तुकडा लहान होता. पण कोरोनातील दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्यांना दुसरे अंगण नाही.

राखेचा हिशेब राहिला होता. 2008 ते 2012 सलग पाच वर्षे पावसामुळे पुरुषांचा अंतिम सामना सोमवारवर गेला. छताची मागणी जुनीच होती, पण खालची भुसभुशीत भरावाची जमीन स्टेडियमवर छताचे ओझे पेलू शकत नव्हती. शेवटी छत स्टेडियमवर ठेवलेच नाही. बाहेरून 24 पोलादी खांब स्वतंत्र पायावर उभे केले आणि त्यांवर सरकते कापडी छत छत्रीसारखे धरले. सहा-सात मिनिटांत ते मिटते. 15 कोटी डॉलरचे हे काम 2016 मध्ये पुरे झाले. या स्टेडियमचा मला पटलेला भाग हाच. शंभर वर्षांपूर्वी गरिबांच्या वस्तीशेजारी टाकलेली राख श्रीमंत इमारतीला सांगते की माझ्यावर आणखी भार नको, आणि अभियंत्यांना ऐकावे लागते. पाऊस थांबला, पण छताखाली प्रेक्षकांच्या कुजबुजीचा गजर होऊन खेळाडू वैतागले, तो भाग वेगळा.

आता ते ‘इतर कार्यक्रम’. जुलै 2008 मध्ये येथे न्यूयॉर्क लिबर्टी आणि इंडियाना फीव्हर यांचा महिला बास्केटबॉलचा सामना उघड्यावर झाला. जुलै 2019 मध्ये फोर्टनाइट या संगणकीय खेळाचा विश्वचषक भरला. एकेरीत सोळा वर्षांच्या काइल गीर्सडॉर्फने 30 लाख डॉलर जिंकले. सुमारे दीड महिन्याने तेथेच टेनिसच्या एकेरी विजेत्यांना मिळाले प्रत्येकी साडेअडतीस लाख. सप्टेंबर 2021 मध्ये व्यावसायिक कुस्तीला सुमारे 20,000 लोक जमले. टेनिसरसिकांनी नाके मुरडली. मला मात्र या रात्री महत्त्वाच्या वाटतात. संगणकावर घरबसल्या पात्र ठरून, कुठल्याही क्लबच्या सभासदत्वाविना, एक शाळकरी पोरगा येथे येतो आणि जिंकतो. या खेळाचे मला काडीचे प्रेम नाही. पण बंच यांच्या मुलाला जे दार बंद होते त्याच्या संदर्भात ही घटना ठेवली की तिच्याकडे नाक मुरडून पाहता येत नाही.

टेनिसच्या आतही एक ‘इतर कार्यक्रम’ होऊन गेला. 2010 च्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात भारताचा रोहन बोपण्णा आणि पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी ही जोडी ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकवर हरली. संयुक्त राष्ट्रांतील भारत व पाकिस्तानचे प्रतिनिधी प्रेक्षकांत एकत्र बसले होते. सामना संपल्यावर कुरेशीने ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि पाकिस्तानविषयी लोकांच्या मनात जी प्रतिमा आहे ती चुकीची आहे, आम्हालाही शांतताच हवी आहे, असे तो बोलला. ज्या उद्यानात एकेकाळी आमसभा भरत होती तेथेच हे झाले, हे तेथल्या किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे.

स्टेडियमबाहेर ॲशचे स्मारकशिल्प आहे, एरिक फिशल यांचे, 2000 साली बसवलेले. सर्व्ह करताना ताणलेले एक नग्न शरीर. ते ॲशचे व्यक्तिशिल्प नाही, त्याच्या आत्म्याचे प्रतीक आहे असा खुलासा केला जातो. मला हा खुलासा पटत नाही. चष्मा लावणारा, पुस्तके वाचणारा, मोजके बोलणारा असा त्या काळचा हा सर्वांत विचारी खेळाडू. त्याची आठवण करायची तर पुन्हा कृष्णवर्णीय देहाचेच कौतुक करायचे? रिचमंडमध्ये 1996 साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्याच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तके, आणि भोवती मुले. गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींच्या रांगेत तो उभा केला तेव्हा मोठा वाद झाला. 2020 नंतर ते सेनापती हलवले गेले, ॲश राहिला. आल्थिया गिब्सनचे शिल्प स्टेडियमपाशी यायला मात्र 2019 उजाडले.

2020 च्या वसंतात साथीने सर्वाधिक ग्रासलेल्या वस्त्यांत कोरोना ही वस्तीही होती. नावातला हा योग क्रूरच. टेनिस केंद्राच्या बंदिस्त कोर्टवर 350 खाटांच्या तात्पुरत्या रुग्णालयाची सोय केली गेली आणि नव्या लुई आर्मस्ट्राँग स्टेडियममध्ये रुग्ण, कर्मचारी व शाळकरी मुले यांच्यासाठी अन्नाची पाकिटे भरण्याचे काम सुरू झाले. ऑगस्टअखेर प्रेक्षकांविना स्पर्धा झाली. नाओमी ओसाका सात सामने खेळली आणि प्रत्येक सामन्याला निराळा मुखपट्टा घालून आली. प्रत्येकावर हिंसेत बळी गेलेल्या एका कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव होते. ॲश स्टेडियमच्या पुढच्या रांगांवर, जेथे एरवी सर्वांत महाग तिकिटांचे लोक बसतात तेथे, कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समाजांतील कलावंतांची अठरा चित्रे मांडली होती. पुढच्या वर्षी प्रेक्षक परतले आणि त्या रांगांची तिकिटे पुन्हा विक्रीला निघाली.